दुकान कुणी मांडलं?

२५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. आमच्या इथल्या रटगर्स विद्यापीठाचा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसला तिथल्या यूएससी विद्यापीठाशी खेळायला गेला होता. सामना सुरू झाला तेव्हा इकडे न्यू जर्सीत रात्रीचे अकरा वाजले होते. शेजारचा नववीतला मुलगा लाल टी-शर्ट घालून आमच्याकडे बघायला आला, कारण त्यांच्याकडे सगळे झोपले होते. मध्यंतर व्हायच्या आत तोही आमच्या सोफ्यावर घोरायला लागला. मी शेवटपर्यंत जागा राहिलो. रटगर्स ४२–२० हरलं. रटगर्सचं स्टेडियम आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे आणि हा ‘आपल्या गटातला’ सामना चालला होता ३,९०० किलोमीटर लांब.

अशा रात्री तो मजकूर पटायला लागतो. इकडच्या मराठी मंडळींत तो दर हंगामात फिरतो, इंग्रजीतून उचललेला आणि वर थोडा मीठमसाला लावलेला. त्याचा सारांश असा: ‘कॉलेज फुटबॉलची शंभर वर्षांची घडी टीव्हीच्या पैशानं विस्कटली. कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजारच्या विद्यापीठांचा गोतावळा होता. दोन वाहिन्यांनी तो विकत घेतला आणि तोडला. विद्यापीठं बिचारी नाइलाजानं गेली. त्यात खेळाडूंना पैसे द्यायची वेळ आली आणि उरलंसुरलंही गेलं. आता हा खेळ कोण बघणार?’

यातली हळहळ माझीही आहे. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा प्रकार चाललाय. अर्थात टीव्ही काही संन्यासी नव्हे, त्याचं पुढे सांगतोच.

भारतातल्या वाचकांसाठी आधी दोन वाक्यं. हा अमेरिकन फुटबॉल, हातात धरून पळायचा. विद्यापीठांचे संघ गट करून आपापसात खेळतात. गटाला म्हणतात कॉन्फरन्स, आणि सामन्यांचे प्रक्षेपण हक्क गट म्हणून एकत्र विकले जातात. हे प्रकरण केवढं मोठं आहे त्याचा अंदाज हवा असेल तर मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम बघा: १ लाख ७ हजार माणसं बसतात.

आता त्या शंभर वर्षांच्या घडीकडे वळू. ती कधी नव्हतीच.

या खेळातला पहिला सामना आमच्याच गावाशेजारी झाला. न्यू ब्रन्स्विकमध्ये, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, रटगर्सनं प्रिन्स्टनला ६–४ हरवलं. दोन्ही गावांत तीस किलोमीटरसुद्धा अंतर नाही. शेजारधर्मावर हा खेळ चालत असता तर ही लढत आजही दरवर्षी झाली असती. ती १९८० साली थांबली, कायमची. रटगर्सला मोठ्या संघांत जायचं होतं, आणि प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये आहे तिथं खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देत नाहीत. दोघांचे रस्ते वेगळे झाले, इतकंच. त्यात टीव्हीचा हात कुठं दिसत नाही.

किंवा शिकागो विद्यापीठ घ्या. आज ज्याला बिग टेन म्हणतात त्या गटाच्या संस्थापकांपैकी एक. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूची हाइजमन ट्रॉफी पहिल्यांदा मिळाली ती १९३५ मध्ये, याच विद्यापीठाच्या जे बरवँगरला. चार वर्षांनी विद्यापीठानं फुटबॉलच बंद केला आणि १९४६ मध्ये गटही सोडला. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना हा सगळा प्रकार शिक्षणाच्या आड येणारा वाटत होता.

आणि सगळ्यात बोलकी गोष्ट पश्चिम किनाऱ्याची. तिथली पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स १९५९ मध्ये मोडली. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याची प्रकरणं बाहेर आली, दंड झाले, विद्यापीठांत एकमेकांवर चिखलफेक झाली, आणि कॅलिफोर्नियातल्या बड्यांनी वॉशिंग्टनला बरोबर घेऊन वेगळी चूल मांडली. बाहेर कोण राहिलं? ऑरेगन, ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये आत घेतलं, दोन्ही ऑरेगनना १९६४ मध्ये. आयडाहोला कधीच नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच वेगळ्या चुलीतून वाढलेली पॅक-१२ फुटली तेव्हा ‘असं कधी घडलं नव्हतं’ म्हणून सगळे हळहळले. शेवटी ताटकळत राहिले ते ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. चौसष्ट वर्षांत दुसऱ्यांदा! पहिल्या वेळी भांडण टीव्हीच्या पैशावरून नव्हतं.

‘वाहिन्यांनी गोतावळा विकत घेतला’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. विकत घ्यायला आधी कुणीतरी विकायला बसावं लागतं, आणि विकायचा हक्क विद्यापीठांनी कोर्टात भांडून मिळवलाय.

१९५० च्या सुमारास धास्ती उलटी होती. सामना घरबसल्या दिसायला लागला तर तिकीट कोण काढणार? १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं आपले सामने टीव्हीवर दाखवायचं ठरवलं, तर एनसीएए या मध्यवर्ती संस्थेनं डोळे वटारले, इतर विद्यापीठांनी ‘तुमच्याशी खेळणार नाही’ म्हटलं, आणि पेननं मुकाट्यानं माघार घेतली. पुढची तीसेक वर्षं कुठला सामना दाखवायचा, कुणाला किती वेळा पडद्यावर यायचं, हे एनसीएए ठरवत होती. शेवटच्या योजनेत एका संघाला दोन वर्षांत सहाच वेळा टीव्हीवर यायची मुभा होती.

याचा परिणाम कसा दिसायचा? १९८१ मधला एक दिवस. ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी, देशातले पहिल्या पाचांतले दोन संघ, सामना दोनशेहून जास्त केंद्रांवरून दाखवला. त्याच वेळी द सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा सामना दिसला चार केंद्रांवर. चारही संघांना रक्कम मिळाली सारखीच. हे उदाहरण खुद्द कोर्टाच्या निकालात नोंदलेलं आहे. समतेच्या दृष्टीनं बघितलं तर ही केवढी सुंदर गोष्ट! ओक्लाहोमाच्या दृष्टीनं मात्र भरदिवसा पडलेला दरोडा.

मग ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी एनसीएएवर खटला भरला. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की एनसीएएची ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. विरोधात मत देणाऱ्या दोघांत बायरन व्हाइट होते. ते स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. खेळ आतून पाहिलेला माणूस म्हणत होता की याला नुसता धंदा समजू नका, आणि बाकीच्या सात जणांनी बाजार मोकळा केला. हे वाचल्यावर मला दर वेळी जरा गंमत वाटते.

(आपल्याकडे फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रक्षेपणावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही असं म्हटलं, आणि क्रिकेट बोर्डाला दूरदर्शनच्या पलीकडचं गिऱ्हाईक मोकळं झालं. वाहिन्यांनी आमच्या भोळ्या क्रिकेट बोर्डाला नादी लावलं, असं कुणी म्हणालं तर आपण हसूच ना?)

निकालानंतर पहिल्या हंगामात पैसा वाढला नाही, उलट घटला. प्रत्येक जण आपला माल घेऊन बाजारात उतरला, सामने उदंड झाले आणि भाव पडला. तेव्हा विद्यापीठांच्या लक्षात आलं की सुटं विकण्यापेक्षा जुडी बांधून विकलं तर दर मिळतो. कॉन्फरन्स ही ती जुडी. सगळ्या फेरबदलाची किल्ली इथं आहे. जुडीत कोण हवं, कोण नको, कोण फुकट वाटा खातंय, हा हिशेब ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी शेजार संपला. टेक्सासमधली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये गेली ती अशीच. टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर यांनी बिग एटमधल्या आठांशी हातमिळवणी करून बिग १२ उभी केली. राइस, ह्यूस्टन, टीसीयू आणि एसएमयू मागे राहिले.

आता टीव्हीच्या पदरात जे माप टाकायला हवं ते टाकतो. मेरीलँड आणि रटगर्सना बिग टेननं घेतलं, ते २०१४ पासून खेळायला लागले. रटगर्सला खेळाच्या गुणवत्तेवर घेतलं असं आमच्या गावातला कट्टर समर्थकही म्हणणार नाही. बिग टेनची स्वतःची वाहिनी होती, फॉक्सच्या भागीदारीत २००७ मध्ये काढलेली. गटाचं विद्यापीठ ज्या राज्यात असेल तिथल्या केबलवाल्याकडून त्या वाहिनीला दर घरामागं बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त पैसे मिळायचे. रटगर्स म्हणजे न्यूयॉर्कच्या परिसरातली घरं. खेळ बघा की न बघा.

तेव्हा माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला मालिका बघता याव्यात म्हणून मी भारतीय वाहिन्या घेतल्या, आणि त्या हव्या असतील तर आधी केबलचं मोठं पॅकेज घ्यावं लागे. त्या पॅकेजात ही वाहिनी होती. बिलात तिची वेगळी ओळ नव्हती. सगळं एका आकड्यात गुंडाळलेलं. म्हणजे संध्याकाळी जप झाल्यावर मालिका लावून बसणारी माझी आई दर महिन्याला मिशिगन आणि ओहायो स्टेटच्या कोचच्या पगाराला हातभार लावत होती. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, “निदान प्रसाद तरी पाठवायचा.”

ही लूट होती, हे मान्य. ईएसपीएनच्या बाबतीतही संशयाला जागा आहे. टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग १२ सोडून एसईसी या दक्षिणेतल्या गटात जाणार ही बातमी जुलै २०२१ मध्ये फुटली, तेव्हा बिग १२ चे कमिशनर बॉब बोल्सबी यांनी ईएसपीएनला नोटीस पाठवून आरोप केला की तुम्हीच आमच्या उरलेल्या सदस्यांना फोडायला दुसऱ्या गटाला चिथावताय. ईएसपीएननं आरोप फेटाळला. खरंखोटं काहीही असो, ज्याच्या हातात चेकबुक आहे तो नुसता प्रेक्षक नसतो. पण केबलचं गणितही आता पालटलंय. ईएसपीएन २०११ च्या सुमारास दहा कोटी घरांत होतं, २०२३ मध्ये सात कोटींच्या आसपास उरलं. घरं मोजायचे दिवस गेले. आता लाखो लोक मुद्दाम बघतील असे मोजके सामने हवेत. म्हणून २०२२ मध्ये बिग टेनमधून नवं रटगर्स शोधायला कुणी गेलं नाही, थेट यूएससीलाच उचललं.

खेळाडूंच्या पैशाचा मुद्दा पटकन उरकतो, कारण तारखाच त्याला पुरेशा आहेत. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मोकळीक मिळाली १ जुलै २०२१ ला. विद्यापीठानं थेट पैसे द्यायला सुरुवात झाली २०२५ च्या जुलैत, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. साउथवेस्ट कॉन्फरन्स मेली १९९६ मध्ये. नेब्रास्का बिग टेनमध्ये आणि कोलोरॅडो पॅक-१२ मध्ये गेलं २०११ मध्ये. मग हे कुणाच्या पगारासाठी? उलट, भागधारक नाहीत, खेळाडूंना द्यायला तेव्हा बंदी, तरी पैसा येत होता, तर तो जाणार कुठं? टेक्सास ए अँड एमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिम्बो फिशरना काढलं आणि करार मोडल्याबद्दल सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं मान्य केलं. कामावर न येण्याचे.

‘कोण बघणार?’ हा तर हिशेबाचा नाही, रुसव्याचा प्रश्न. २०२३ चा मिशिगन–ओहायो स्टेट सामना १ कोटी ९० लाख लोकांनी बघितला. जुनी वैरं मेली हेही अर्धंच खरं आहे. ओक्लाहोमा विरुद्ध ओक्लाहोमा स्टेट ही लढत २०२३ नंतर थांबली, वाईट झालं. पण टेक्सास विरुद्ध टेक्सास ए अँड एम २०११ मध्ये थांबली होती. दोघं पुन्हा एका गटात आल्यावर ३० नोव्हेंबर २०२४ ला परत सुरू झाली. म्हणजे ज्या फेरबदलानं एक वैर तोडलं त्यानंच दुसरं जोडलं. रात्री अकराला सामना ठेवणाऱ्यांना मात्र मी माफ केलेलं नाही.

‘विद्यापीठं बिचारी’ हे मुद्दाम शेवटी ठेवलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन, एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) आणि पॅक-१२ यांनी थाटामाटात ‘अलायन्स’ जाहीर केली. टेक्सास–ओक्लाहोमा प्रकरणानं सगळे हादरले होते. आता आपण एकमेकांचे सदस्य पळवणार नाही असा भाव. लेखी करार नव्हता, शब्दावर विश्वास. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ ला, बिग टेननं पॅक-१२ मधून यूएससी आणि यूसीएलए उचलले. दोन महिन्यांच्या आत फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा करार, ७ अब्ज डॉलरहून जास्त रकमेचा.

उरलेल्या पॅक-१२ ची तरी कीव करावी, तर तिनं स्वतःच्या पायावर कुऱ्हाड कितीदा मारली ते बघा. २०१२ मध्ये वाहिनी काढली तीही कुणा प्रसारकाची भागीदारी न घेता, सगळा नफा आपल्यालाच म्हणून. डायरेक्टीव्ही या सॅटेलाइट टीव्हीच्या कंपनीनं ती कधीच दाखवली नाही. २०२१ मध्ये बिग १२ खिळखिळी झालेली असताना तिच्यातले चांगले सदस्य घेता आले असते. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी ‘विस्तार नको’ म्हटलं. २०२२ च्या शरदात ईएसपीएननं दर विद्यापीठाला सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केल्याच्या आणि अध्यक्षांनी ५ कोटी मागितल्याच्या बातम्या आल्या. बोलणी तिथंच बसली. तेवढ्यात त्याच बिग १२ नं ऑक्टोबरमध्ये पुढं घुसून आपला करार उरकला. पॅक-१२ च्या हाती राहिला ॲपलचा प्रस्ताव, ज्यात वाढीव रक्कम किती लोक वर्गणी भरतात यावर अवलंबून होती. ४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी सगळे सह्या करणार अशी अपेक्षा होती. त्याच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, तेही इतरांपेक्षा कमी वाट्यावर. आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग १२ मध्ये. टीव्हीनं ढकललं म्हणता? दुकानदार भाव धरून बसला आणि संध्याकाळी माल नासला.

सगळं पैशासाठीच, असं मानणाऱ्यांनी डॅलसच्या एसएमयूकडे बघावं. हे १९९६ मध्ये मागे टाकलेल्यांपैकीच. त्याआधी १९८७ मध्ये खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल एनसीएएनं त्यांचा फुटबॉल अख्ख्या हंगामापुरता बंद केला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये एसएमयू एसीसीत शिरलं ते कुठल्या अटीवर? टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं घेणार नाही. शून्य. डॅलसच्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याभरात १० कोटी डॉलर गोळा करून दिले. हा मानपानाचा मामला आहे. पंक्तीत बसायला मिळावं म्हणून स्वतःचं ताट घरून आणलंय. आणि पहिल्याच हंगामात एसएमयू गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत आणि बारा संघांच्या प्लेऑफपर्यंत पोचलं.

मागे राहिलेल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटसाठी माझंही मन दुखलं. दोघांनी कोर्टात जाऊन पॅक-१२ चं नाव आणि तिजोरी राखली. पण वर्ष झालं नाही तोच, सप्टेंबर २०२४ मध्ये, त्यांनी माउंटन वेस्ट या धाकट्या गटातून पाच विद्यापीठं आपल्याकडे ओढली आणि सदस्य पळवल्याबद्दलचा दंड भरायला लागू नये म्हणून त्याच गटावर खटला ठोकला. सासुरवास सोसलेली सून सासू झाली की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

फुटबॉलवाल्यांचं एक वेळ चालतं, हंगामात चारपाचदा लांबचा प्रवास. मुलींच्या व्हॉलीबॉलला आठवड्याला दोन-दोन सामने असतात. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल ही पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं आता ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये आहेत, पहिली सात वर्षं पूर्ण वाट्याच्या तीस टक्क्यांवर. त्या व्हॉलीबॉलच्या मुली बॉस्टनला खेळायला जातात तेव्हा एका दिशेचा प्रवास चार हजार किलोमीटरहून जास्त असतो, आणि बहुतेकींच्या बॅगेत लॅपटॉप आणि पुढच्या आठवड्याची परीक्षा असते.

कॅलवर ही वेळ आणणाऱ्यांत यूसीएलए होतं, आणि ही दोन्ही एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाची लेकरं. यूसीएलएच्या जाण्याला मान्यता द्यायची की नाही यावर १४ डिसेंबर २०२२ ला विश्वस्तांची सभा झाली. मुलींचे प्रवास, तुटवड्यात गेलेला यूसीएलएचा क्रीडा विभाग, कॅलचं नुकसान, सगळं समोर मांडलेलं होतं. मतदान झालं: ११ बाजूनं, ५ विरोधात. पुढे २०२४ मध्ये त्याच विश्वस्तांनी यूसीएलएला सांगितलं की बिग टेनमधून मिळणाऱ्या पैशातले वर्षाला १ कोटी डॉलर कॅलला देत जा.